काचेला वाचा फुटली तेव्हा

जवळपास दर सप्टेंबरात ॲपल कंपनी नवा आयफोन जाहीर करते आणि आठवडाभर त्याचीच चर्चा चालते. कॅमेरा किती सुधारला, यंदा रंग कोणते, किंमत काय, हप्ता किती बसेल. त्याच आठवड्यात काही ग्राहकांचे एकमेकांना फोन चालू असतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. व्हॉइसओव्हरमध्ये नवं काय दिलंय? नवी प्रणाली टाकल्यावर ब्रेलमधलं टायपिंग नीट चालतंय ना? नवं बटण कुठल्या बाजूला आहे, बोटाला ते वेगळं जाणवतं का? या ग्राहकांना फोनचा रंग दिसत नाही. त्याचा पडदाही त्यांनी कधी पाहिलेला नाही आणि त्यांतले बरेचजण तो मुद्दाम काळा ठेवून, व्हॉइसओव्हर हा फोनमधला बोलणारा वाचक ऐकतच फोन वापरतात. तरीही नव्या फोनबद्दलची त्यांची ओढ मला कुठल्याही हौशी ग्राहकापेक्षा खोल वाटते.

माझा एक मित्र डोंबिवलीला राहतो आणि मुंबईत एका बँकेत नोकरी करतो. जन्मापासून अंध. त्याच्यामुळे मी या जगात शिरलो. मग पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी भेटली, नाशिकचे एक संगीतशिक्षक भेटले. प्रत्येकाशी बोलताना एक गोष्ट लक्षात येत गेली. नव्या तंत्रज्ञानाचा उत्साह म्हटलं की आपण त्याला चैन समजतो, जाहिरातीची भूल समजतो. या माणसांचा उत्साह मात्र हिशेबी आहे. एकेक वस्तू हातात आली, तिनं एकेक परावलंबन कमी केलं आणि त्या मापानं तो वाढत गेला. कुठलीही कंपनी किती प्रामाणिकपणे नवं काही करते आहे, याची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही.

पाचवरचा ठिपका

बटणांच्या फोनवर पाचच्या अंकावर एक छोटा उंचवटा असे. डोळस माणसाच्या तो लक्षातही येत नसे. अंध माणसासाठी त्या उंचवट्यावर सगळा फोन उभा होता. त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. नंबर फिरवणं जमायचं, पण पडद्यावर काय उमटलंय ते कळायचं नाही. मित्र सांगतो, ‘‘मेन्यू दाबायचा, तीनदा खाली, एकदा उजवीकडे, मग ओके. सगळं तोंडपाठ. चुकून एक बटण जास्त दाबलं गेलं की सगळं मागे घेऊन पहिल्यापासून.’’

आलेला एसएमएस दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. बायकोचा निरोप असो, डॉक्टरांनी पाठवलेला रिपोर्ट असो, बँकेतली शिल्लक असो, आधी तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळायचा आणि मग ज्याचा त्याला. मित्र हे सांगताना आवाज चढवत नाही. ‘‘लोक चांगले होते रे, कुणी कधी नाही म्हटलं नाही. पण माझं असं काही राहायचंच नाही.’’

नोकियाच्या सिम्बियन फोनवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ‘टॉक्स’सारखी सॉफ्टवेअर होती. ती वेगळी विकत घ्यावी लागत. संगणकावर ‘जॉज’ होतं, तेही महाग. म्हणजे डोळस माणसानं दिलेल्या पैशांत त्याला अख्खी वस्तू मिळे, आणि अंध माणसानं तेवढेच पैसे दिले की त्याला बंद खोका मिळे. तो उघडायची किल्ली स्वतंत्र विकत घ्यायची. २००६मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून देण्याचं काम सुरू केलं. संगणकाच्या बाबतीत ही किल्ली फुकट मिळू लागली ती त्या दोघांमुळे. आज महाराष्ट्रातल्या अनेक अंध कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संगणकावर तेच बोलत असतं.

२००८ या वर्षात दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं. कागदावरच्या ठिपक्यांतून बातमी थेट वाचकाच्या बोटाखाली येऊ लागली. त्याच वर्षी २२ ऑगस्टला आयफोन भारतात आला. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये. त्यावर आकड्यांची बटणं नव्हती आणि पाचवरचा ठिपकाही नव्हता. होती ती एक गुळगुळीत काच. जिथे बोट लावावं तिथे सगळं सारखंच. अंधांमध्ये त्या वेळी पसरली ती धास्ती. उद्या सगळेच फोन असे झाले तर आपण पुन्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या भरवशावर जाणार, अशी.

मागितलं म्हणून मिळालं

ॲपलच्या संगणकांत व्हॉइसओव्हर हा बोलणारा वाचक २००५च्या एप्रिलमध्येच आला होता, मॅक ओएसच्या ‘टायगर’ आवृत्तीत. तो प्रणालीचाच भाग होता, वेगळे पैसे नव्हते. पण कंपनीचं गाण्यांचं आणि व्याख्यानांचं दुकान, म्हणजे आयट्यून्स, अंधांना नीट वापरता येत नव्हतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी त्यावर अभ्यासक्रम ठेवायला सुरुवात केल्यावर हा प्रश्न शिक्षणाचा झाला. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही तिथल्या अंधांची मोठी संघटना. तिनं आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी हा विषय लावून धरला आणि सप्टेंबर २००८मध्ये ॲपलशी करार झाला. आयट्यून्स अंधांना वापरता येईल असं करण्याच्या तारखा त्यात लिहून घेतल्या होत्या आणि शेवटची तारीख होती ३० जून २००९.

त्याच जून महिन्यात आयफोन ३जीएस बाजारात आला आणि त्यात व्हॉइसओव्हर होता. करार आयट्यून्सपुरता होता, आणि कंपनीतले अभियंते मॅकवर काही वर्षं या कामात होतेच. त्यामुळे एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण बाहेरून हक्कानं मागणारे आणि आतून मनापासून करणारे एकाच वेळी असले की काय होतं, ते या दोन घटना शेजारी ठेवल्यावर दिसतं. त्याच संघटनेनं पुढे २०१०मध्ये ॲपलचा जाहीर गौरव केला. सप्टेंबर २०११मध्ये स्टीव्ही वंडर या अंध गायकानं लॉस एंजेलिसच्या मंचावरून ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांचे आभार मानले. डोळस माणूस या फोनवर जे करू शकतो ते सगळं अंधालाही करता येतं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

काच वाचायची कशी, हा प्रश्न त्या अभियंत्यांनी फार साध्या कल्पनेनं सोडवला. बोट काचेवर फिरवलं की बोटाखाली जे आहे त्याचं नाव फोन बोलतो, पण ते उघडत नाही. हवी ती गोष्ट ऐकू आली की पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची, मग ती उघडते. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. दोन बोटं रेडिओचं बटण फिरवावं तशी काचेवर फिरवली की वाचायची पद्धत बदलते, कधी अक्षर-अक्षर, कधी शब्द-शब्द, कधी मथळ्यांवरून मथळ्यांवर. दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की आलेला कॉल घेता येतो. तीन बोटांनी तीनदा मारली की पडदा काळा होतो आणि फोन चालूच राहतो. लोकलमध्ये शेजारी कुणीही डोकावलं तरी त्याला काही दिसत नाही. इतकी वर्षं ज्याचे निरोप दुसऱ्यांनी वाचले, त्याच्यासाठी त्या काळ्या पडद्याचं मोल काय असेल याची कल्पना करावी.

यापेक्षाही मोठी गोष्ट खोक्याच्या आत होती. नवा फोन पहिल्यांदा चालू केला की सुरुवातीच्याच पडद्यावर ठरलेलं बटण तीनदा दाबायचं, फोन बोलू लागतो. त्यानंतरची भाषा, वायफाय, पासवर्ड ही सगळी मांडणी मालक स्वतः करतो. माझ्या मित्रानं त्याचा पहिला आयफोन घेतला तो जुना, दुसऱ्यानं वापरलेला होता. तरी ती रात्र त्याला लख्ख आठवते. ‘‘घरात सगळे झोपले होते. कुणाला उठवायची गरजच नव्हती. मी एकट्यानं फोन सुरू केला.’’

पुण्यात वाढलेला अभियंता

ही गोष्ट एकट्या ॲपलची नाही, आणि तिचा एक धागा थेट पुण्याला येऊन मिळतो. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. भाऊ, शिक्षक आणि मदतनीस पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवत आणि ते गणित डोक्यात मांडत. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी, मग मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र, मग अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. १९९४मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता गणितातली समीकरणं आवाजातून कशी वाचायची. सरळ ओळीतला मजकूर वाचणं सोपं. अपूर्णांकाच्या वर काय, खाली काय, वर्गमूळ कुठे संपतं, हे कानाला कळेल असं सांगणं अवघड. त्यांनी त्यासाठी आवाजाची पट्टी बदलण्यासारख्या युक्त्या वापरल्या.

२००५मध्ये रामन गूगलमध्ये गेले. तिथे चार्ल्स चेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी अँड्रॉइड फोन न बघता वापरण्याच्या वाटा शोधल्या. त्यांतली एक मला विशेष भावते. आकडे काचेवर ठरलेल्या जागी शोधत बसायचे कशाला? बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथेच पाच आहे असं फोननं मानायचं. मग वर सरकवलं की दोन, खाली आठ. पाचवरचा तो जुना ठिपका आता काचेवर बोट ठेवू तिथे उगवू लागला. हे ज्याला सुचलं त्याला अंध माणसाचा हात आतून माहीत होता. २००९मध्येच अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ हा बोलणारा वाचक आला. भारतातल्या बहुसंख्य अंध माणसांच्या हातात आज स्वस्तातला अँड्रॉइड फोन आणि त्यात टॉकबॅकच असतो. पुण्यातल्या त्या मुलीचाही तसाच आहे. तिच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, चालू घडामोडी, व्हॉट्सॲपवरचे गट, सगळं ती त्यावर ऐकते, आणि इतक्या वेगानं की शेजारी बसलेल्या मला एक शब्द पकडता येत नाही. ती हसून वेग कमी करते, ‘‘काका, आता लागतंय का?’’

पायरी पायरीनं वाढलेला उत्साह

मग इतके जण आयफोनची आस का धरतात? मी हे तिघांनाही विचारलं. उत्तरात कंपनीचं नाव कमी आणि तारखा जास्त आल्या.

२०१४मध्ये आयफोनच्या काचेवर ब्रेलमध्ये टाइप करण्याची सोय आली. फोन आडवा धरून सहा बोटं टेकवायची, जणू ब्रेल लिहायचं यंत्रच. नाशिकचे संगीतशिक्षक लहानपणापासून ब्रेल लिहिणारे. ते सांगतात, ‘‘तोपर्यंत मी एकेक अक्षर हुडकत होतो. त्या दिवसापासून लिहायला लागलो.’’ २०१५च्या जानेवारीत ‘बी माय आइज’ आलं. हान्स यॉर्गन वीबर्ग या दृष्टी मंदावलेल्या डॅनिश कारागिराची ही कल्पना. अंध माणूस मदत मागतो आणि जगात कुठेतरी बसलेला डोळस स्वयंसेवक फोनच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो, ही औषधाची बाटली कुठली, शर्टाचा रंग कोणता. २०१७च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘सीइंग एआय’ काढलं. साकिब शेख या अंध अभियंत्याच्या पुढाकारातून ते झालं. कॅमेरा समोरच्या कागदावर धरला की मजकूर वाचून दाखवायचा, समोर माणूस असेल तर तसं सांगायचं. ही दोन्ही ॲप आधी आयफोनवर आली. पहिलं अँड्रॉइडवर यायला २०१७ उजाडलं, दुसऱ्याला २०२३चा डिसेंबर. ज्याला रोजचं टपाल वाचायचं आहे त्याच्यासाठी सहा वर्षं थोडी नाहीत. त्या फोनची ओढ मला कळली ती इथे.

या वाटेत धास्तीचे दिवसही आले. २०१७च्या अखेरीस आयफोन एक्स आला आणि खालचं गोल बटण गेलं. काचेवरची हाताला लागणारी ती एकमेव खूण होती. शिवाय फोन आता चेहरा बघून उघडणार होता. अंध माणूस कॅमेऱ्याकडे नजर कशी लावणार? त्याचं उत्तर फोनमध्ये आधीच ठेवलेलं निघालं. व्हॉइसओव्हर चालू असेल तर नजर लावण्याची अट आपोआप बाजूला होते. आणि बटणाऐवजी तळाकडून बोट वर सरकवताना हाताला एक बारीक थरथर जाणवते, ती जाणवली की बोट उचलायचं. मित्र काही आठवडे जुना फोन सोडायला तयार नव्हता. मग एका सहकाऱ्याचा नवा फोन दुपारभर वापरून बघितला आणि संध्याकाळी म्हणाला, ‘‘जमतंय. विचार केलाय त्यांनी.’’ त्याच्या शब्दकोशात एखाद्या कंपनीची याहून मोठी स्तुती नाही.

२०२०मधल्या महागड्या मॉडेलांत अंतर मोजणारा लायडार संवेदक आला आणि समोरचा माणूस किती अंतरावर आहे हे फोन सांगू लागला. २०२२मध्ये दार ओळखण्याची सोय आली, दार किती दूर, ढकलायचं की ओढायचं. आपल्याकडे दुकानांना शटर जास्त आणि दारं कमी, त्यामुळे डोंबिवलीच्या बाजारात तिचा फारसा उपयोग नाही, हे मित्रानं स्पष्ट सांगितलं. ऑफिसांच्या इमारतींत, इस्पितळांत, हॉटेलांत आहे. २०२३मध्ये ‘बी माय आइज’नं कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली. फोटो काढला की चित्राचं सविस्तर वर्णन येतं आणि त्यावर आपण उलट प्रश्न विचारू शकतो. मित्रानं भावाच्या मुलीच्या लग्नाचा फोटो उघडला. कोण कुठे उभं आहे, कुणी काय नेसलं आहे, पाठीमागे फुलांची सजावट कशी आहे, हे त्यानं कुणालाही न विचारता ऐकलं. मग विचारलं, ‘‘मी हसतोय का फोटोत?’’

आणि २०२२मधलीच आणखी एक गोष्ट, जी मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या वर्षीच्या आयओएस १६मध्ये व्हॉइसओव्हरला मराठी आवाज मिळाला. तोपर्यंत आयफोनवर मराठी मजकूर हिंदी आवाजाकडून हिंदी वळणानं ऐकायचा. आईचा गावाकडून आलेला निरोपही परक्या बाईनं वाचल्यासारखा. नाशिकचे शिक्षक म्हणतात, कान हेच ज्याचे डोळे, त्याला उच्चार टोचतात. मराठी आवाजात अजून खाचखळगे आहेत, जोडाक्षरांवर तो कधी अडखळतो. पण पहिल्यांदा तो ऐकला त्या दिवशी त्यांनी ओळीनं दिसेल ते मराठी उघडून वाचून घेतलं, पंचांगापासून लाइट बिलाच्या संदेशापर्यंत.

मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ला ॲपलचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. स्वतः कंपनीचे प्रमुख टिम कुक दार उघडायला आले होते. गर्दी ओसरल्यावर मी मित्राबरोबर तिथे गेलो. टेबलावर फोन ओळीनं मांडलेले. त्यानं एक उचलला, कडा चाचपल्या, वजन अजमावलं आणि फोनला इंग्रजीतून सांगितलं, व्हॉइसओव्हर चालू कर. फोन बोलू लागला. पुढचा बराच वेळ तो एका फोनवरून दुसऱ्यावर जात होता, दोन मॉडेलांतल्या स्पीकरचा फरक ऐकत होता, बाजूची बटणं अंगठ्यानं मोजत होता. दुकानातला मुलगा मदतीला आला आणि थोड्या वेळानं त्याच्याकडूनच काही शिकून गेला. कुठल्याही दुकानात मित्र याआधी वस्तू अशी ‘बघत’ नव्हता. सोबतचा माणूस बघायचा, त्याला सांगायचा आणि तो मान डोलवायचा. त्या दिवशी बघणारा तोच होता, मी नुसता सोबत होतो.

किंमत आणि बिनानावाची बटणं

या उत्साहाला मोठी अडचण आहे ती पैशांची. २०२५च्या फेब्रुवारीत आलेला आयफोन १६ई हा आयफोन १६ मालिकेतला स्वस्त फोन, त्याची भारतातली किंमत तेव्हा ५९,९०० रुपये होती. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या आयफोन १७ची सुरुवात ८२,९०० रुपयांपासून झाली. त्या फेब्रुवारीत संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला दीड हजार रुपये मिळत, म्हणजे पहिल्या फोनला चाळीस महिन्यांचं अनुदान लागलं असतं, तेही एक घास न खाता. २०११च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख माणसं देशात नोंदली गेली. त्यांतल्या फार थोड्यांना ही किंमत परवडते. म्हणून जुने फोन हातोहात फिरतात. एकानं नवा घेतला की त्याचा जुना दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. व्हॉइसओव्हर स्वस्त मॉडेलातही तोच आणि महागातही तोच, हे त्यातल्या त्यात बरं. नव्या चष्म्यांचीही अशीच चर्चा आहे. मे २०२५मध्ये मेटाचे कॅमेरा असलेले रे-बॅन चष्मे भारतात आले, किंमत २९,९०० रुपयांपासून. हात मोकळे ठेवून समोर काय आहे ते विचारता येणं, एका हातात काठी धरणाऱ्या माणसाला किती हवंसं वाटेल ते सांगायला नको. पुण्यातली मुलगी त्यासाठी पैसे साठवते आहे.

दुसरी अडचण फोनच्या कंपनीकडून येत नाही, ती बाकी सगळ्यांकडून येते. फोन बोलतो, पण ॲप बनवणाऱ्यानं बटणाला नावच दिलं नसेल तर तो बोलणार काय? मित्र एक ॲप उघडून दाखवतो. बोट सरकवतो, फोन म्हणतो ‘बटण’. पुन्हा ‘बटण’. पुन्हा ‘बटण’. यातलं कुठलं पैसे पाठवतं आणि कुठलं रद्द करतं? ॲप लिहिताना प्रत्येक बटणाला एक नाव द्यायचं, एवढंच ते काम. पैसे खर्चून घेतलेला फोन तिथे मुका होतो. जिथे केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायची अट असते, तिथे तर दारच बंद. या अटीविरुद्ध ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ला न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना करता यावं यासाठी २० निर्देश दिले. न्यायालय बोललं. आता एकेका ॲपनं ते ऐकायचं आहे.

नोटांचीही हीच कथा. नव्या नोटांच्या आकारांतला फरक कमी झाल्यानं बोटांना त्या ओळखणं अवघड झालं. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२०ला रिझर्व्ह बँकेनं ‘मनी’ नावाचं ॲप आणलं, ते कॅमेऱ्यातून नोट ओळखून सांगतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. ॲप उपयोगी आहे. पण भाजीवाल्यासमोर, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात काठी असताना, फोन काढून नोट त्यासमोर धरायला तिसरा हात कुठून आणायचा? कागदातच फरक असता तर हा प्रश्न आला नसता. वस्तू बनवतानाच विचार करणं आणि नंतर उपाय जोडणं, यांतला फरक अंध माणूस रोज अंगावर झेलतो.

कंपनीच्या चुकांनाही हे ग्राहक सोडत नाहीत. आयओएसची मोठी नवी आवृत्ती आली की व्हॉइसओव्हरमध्ये काही ना काही बिघडतं. म्हणून त्यांतले जाणते लोक पहिल्याच दिवशी ती टाकत नाहीत, पुढच्या दुरुस्तीची वाट पाहतात. मित्र नियमानं कंपनीला चुका कळवतो, नेमक्या पायऱ्यांसह. ज्याचं आपल्याला मोल आहे त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, हे त्याला भक्तीपेक्षा खरं वाटतं. मलाही.

आपल्या बाजूचं काम

या सगळ्यानंतर मला प्रश्न पडतो तो आपला, मराठीचा. क्युपर्टिनोतल्या ॲपल कंपनीनं मराठी आवाज दिला. तो आवाज वाचणार काय? आपल्या छापखान्यांत जुन्या फॉण्टांत जुळवलेला मजकूर आजही पडून आहे. तो युनिकोडमध्ये नसल्यानं वाचक सॉफ्टवेअरला त्यात फक्त इंग्रजी अक्षरांचा गोंधळ सापडतो. अनेक ई-पेपर म्हणजे पानाचं नुसतं चित्र. शासनाचे निर्णय स्कॅन करून चढवलेले. लग्नपत्रिका, सभेची सूचना, शाळेच्या गटावरचं परिपत्रक, सगळ्याचा फोटो. नाशिकच्या शिक्षकांना दर दिवाळीत कुणी ना कुणी अंकाची पीडीएफ पाठवतं. त्यांतले कितीतरी अंक त्यांचा फोन वाचू शकत नाही, आणि पाठवणाऱ्याला ते माहीतही नसतं. ज्या समाजात स्वागत थोरातांनी ठिपक्यांचं पाक्षिक उभं केलं, त्या समाजाला मजकूर मजकूर म्हणून पाठवणं जड जाऊ नये.

हे बदलायला पैसा फारसा लागत नाही. संपादकांनी अंक युनिकोडमध्ये जुळवावा आणि डिजिटल आवृत्तीत अक्षरं अक्षरंच राहतील हे तपासावं. ॲप लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी काम सुपूर्द करण्याआधी पडदा काळा करून ते एकदा चालवून बघावं. बँकेच्या, महापालिकेच्या, शाळेच्या निविदेत ‘अंध व्यक्तीला स्वतंत्रपणे वापरता आलं पाहिजे’ ही एक ओळ घालावी आणि ती तपासायला अंध माणसालाच बोलवावं, मानधन देऊन. फोटोतून निरोप पाठवणाऱ्यानं खाली दोन ओळी टाइप कराव्यात.

आणि ग्राहक म्हणून आपण मागणी करावी. २००८च्या त्या कराराला एवढ्यासाठी महत्त्व आहे की काही लोकांनी उपकाराची वाट न पाहता तारीख मागितली. आज माझ्या मित्राच्या हातात जे आहे त्यात अशा मागणीचा आणि आतून काम करणाऱ्या अभियंत्यांचा, दोन्हींचा वाटा आहे. नवी वस्तू घेताना दुकानात विचारा, हिला वाचा आहे का, अंध माणसाला ही पहिल्या दिवसापासून एकट्यानं चालवता येईल का. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर त्यानं कंपनीला विचारावं असा आग्रह धरा. हा प्रश्न इतकी वर्षं ज्यांनी विचारला ते संख्येनं थोडे होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. आपण जास्त आहोत. आपण विचारू लागलो तर उत्तर लवकर येईल.